एक टक्का लॉस

बादली असो, टूथब्रश असो की मोटारीचा डॅशबोर्ड, कारखान्याच्या दारात प्लास्टिक येतं ते दाण्यांच्या रूपात. पांढरट, गुळगुळीत, साबुदाण्याएवढे दाणे, 25 किलोच्या गोणीत भरलेले. एका दाण्याचं वजन 20 ते 25 मिलिग्रॅम. म्हणजे एका गोणीत दहा लाखांच्या आसपास दाणे. गोणी हॉपरमध्ये ओतायची. तापलेल्या बॅरलमध्ये 200 अंशांच्या आसपास दाणे वितळतात, स्क्रू तो रस साच्यात दाबतो, साचा उघडला की खाली झाकण पडतं, प्लास्टिकचा मग पडतो, खुर्ची निघते. जगभर या दाण्याला ‘नर्डल’ असंही म्हणतात. आमच्या शॉपवर तो नुसता दाणा, नाहीतर ‘मटेरियल’.

माझी सगळी नोकरी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगमध्ये झाली. आधी मशीनवर, मग सुपरवायझर. महिनाअखेरीस मटेरियलचं रजिस्टर जुळवणं माझ्याकडे असायचं. किती दाणा आला, किती माल पास होऊन गेला, रिजेक्ट किती, रनर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेले तुकडे, किती निघाले, त्यातले किती दळून परत वापरले. सगळी बेरीज झाली तरी थोडी तूट राहायचीच. ती शेवटच्या रकान्यात टाकायची. रकान्याचं नाव ‘लॉस’. तो एक टक्क्याच्या आत बसला की वरचे खूश. त्या एक टक्क्याचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे.

निवृत्त झाल्यावर दापोली तालुक्यातल्या गावी राहायला आलो. घरापासून समुद्राची पुळण चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या वाळूत रोज जे दिसतं ते समजून घ्यायला मला पुस्तकांच्या आधी तो रकानाच उपयोगी पडला. मायक्रोप्लास्टिकचा विषय निघाला की आपण कचरा टाकणाऱ्यांना शिव्या घालतो. घालायलाच हव्यात. पण वाळूतलं बरंचसं बारीक प्लास्टिक कोणी टाकलेलं नसतं. ते सांडलेलं, झिजलेलं, उसवलेलं असतं. काही वस्तू नीट वापरात असताना, काही तर वस्तू बनण्याच्याही आधी.

गोणीपासून गटारापर्यंत

दाणा सांडतो कसा, ते आधी सांगतो. ट्रकमधून गोण्या उतरवताना हमाल लोखंडी हूक मारतो. गोणीला भोक पडतं आणि तिथून दाणा गळत राहतो. गोदामात फोर्कलिफ्टचा काटा एखाद्या गोणीत घुसतो. ऑपरेटर ब्लेडने गोणीचं तोंड कापून शिडीवरून हॉपरमध्ये ओततो, तेव्हा मूठभर दाणे बाहेर उडतात. फरशीवरच्या दाण्यावरून पाय सटकतो, म्हणून शिफ्ट संपताना झाडून किंवा एअरगन मारून तो दाराकडे नेला जातो. एकदा खाली पडलेला दाणा मळतो. तो मशीनमध्ये घातला तर मालावर काळे ठिपके उठतात, त्यामुळे परत कोणी घेत नाही. दाराबाहेर पावसाळी गटार असतं. पुढचं काम पहिला पाऊस करतो.

यातला बहुतेक दाणा बुडत नाही. पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.90 च्या आसपास, पॉलिथिलीनची 0.92 ते 0.96. गोड्या पाण्याची 1, समुद्राच्या पाण्याची साधारण 1.025. त्यामुळे गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत हा प्रवास तो तरंगतच करतो. भोसरीचं पाणी पवना आणि इंद्रायणीकडे उतरतं, तिथून भीमेत, मग उजनीच्या जलाशयात. उजनीतून सुटलेलं पाणी भीमेतून कृष्णेला मिळतं आणि आंध्रात बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे भोसरीत सांडलेला दाणा पाण्यावाटे दापोलीला येण्याचा प्रश्नच नाही. मग आमच्या पुळणीवर दाणे कुठून?

याचं एक उत्तर गोव्यात मिळतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरचे असे दाणे गोळा करून 2016 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. केरीपासून गालजीबागपर्यंतच्या किनाऱ्यांवर त्यांना सर्वांत जास्त सापडले ते पांढरे दाणे, पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पृष्ठभागावरचे प्रवाह आणि वारे समुद्रातून ते किनाऱ्याकडे लोटतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. थोडक्यात, आमच्या किनाऱ्यावर पाऊस आणि दाणा एकाच दिशेने येतात.

समुद्रात तो येण्याची एक वाट म्हणजे जहाजं. 20 मे 2021 रोजी कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला आग लागली. त्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक अॅसिड गळत होतं. तो कंटेनर उतरवून घ्यायला आधी कतारच्या हमद आणि आपल्या गुजरातमधल्या हजिरा बंदरात नकार मिळाला होता. जूनमध्ये जहाज बुडालं आणि सुमारे 1,680 टन दाणा समुद्रात आणि किनाऱ्यावर पसरला. माझ्या सवयीने हिशेब केला: 25 किलोच्या 67 हजारांहून जास्त गोण्या. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू दिसेनाशी झाली. चार वर्षांनी, 25 मे 2025 रोजी, कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे 640 कंटेनर वाहणारं जहाज उलटलं, आणि काही दिवसांत तिरुवनंतपुरम, कोल्लमकडच्या किनाऱ्यांवर दाण्यांच्या गोण्या आणि सुटे दाणे लागायला लागले.

पेट घेणारं किंवा विषारी रसायन जहाजावर कसं ठेवायचं याचे कडक नियम आहेत. दाणा मात्र साधा माल समजला जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये दाणा मजबूत पॅकिंगमध्ये भरावा आणि त्याचे कंटेनर शक्यतो डेकच्या खाली ठेवावेत, अशा शिफारशी केल्या. शिफारशीच, सक्ती नव्हे.

बादली आणि चाळण

वाळूत काय आहे ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एक बादली, एक बारीक पिठाची चाळण आणि ओहोटीची वेळ पुरे.

उधाणाची भरती जिथपर्यंत येऊन परतते, तिथे काटक्या, शेवाळ, सुरूच्या काड्यांची एक वेडीवाकडी रेघ पडते. या रेघेवरची बोटभर खोलीची वाळू खरवडून बादलीत घ्यायची, त्यात समुद्राचं पाणी ओतायचं, ढवळायचं आणि थांबायचं. वाळू खाली बसते. वर जे येतं ते चाळणीत गाळायचं. काड्या, शेवाळ बाजूला केलं की उरतं ते बघा: थर्माकोलचे मणी, बाटलीच्या झाकणांचे निळे-लाल तुकडे, नायलॉनसारख्या दिसणाऱ्या पण प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनच्या हिरव्या दोरीचे धागे, चपटे निळे तंतू, आणि दाणे.

दाणे तळहातावर घेऊन रंग पाहिला की त्यांचं वय कळायला लागतं. पांढरा, अर्धपारदर्शक दाणा ताजा. फिकट पिवळा झालेला काही काळ उन्हात आणि पाण्यात फिरलेला. तपकिरी, पृष्ठभागावर बारीक तडे गेलेला म्हातारा. प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घातलेले असतात. ते स्वतः ऑक्सिजनशी झुंजताना पिवळे पडतात. दाणा पिवळा पडला म्हणजे त्याचं रक्षण करणारं रसायन संपत आलं.

पिवळ्या दाण्यात आणखी एक गोष्ट असते. पाण्यात तेलकट स्वभावाची काही विषं असतात. पीसीबी हे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं, डीडीटी हे कीटकनाशक. ती पाण्यापेक्षा प्लास्टिकला चिकटणं पसंत करतात. टोकियोतल्या प्राध्यापक हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं, की दाण्यावर ही विषं आजूबाजूच्या पाण्याच्या तुलनेत दहा लाख पटींपर्यंत साठू शकतात. त्यावरूनच 2005 मध्ये त्यांनी एक साधी योजना काढली. जगभरच्या लोकांनी आपल्या किनाऱ्यावरचे पिवळे दाणे वेचायचे आणि पाकिटात घालून त्यांना पाठवायचे. त्यांची प्रयोगशाळा ते तपासून कुठल्या समुद्रात काय मुरलंय याचा नकाशा बनवते. सांडलेल्या मालाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

बादलीचा हा प्रयोग अर्धंच सांगतो. जे तरंगत नाही ते दिसत नाही. पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पाइपाचं पीव्हीसी यांची घनता 1.38 च्या आसपास, नायलॉनची 1.14. जाळ्याचा, बाटलीचा, पाइपाचा चुरा खाली जातो आणि खाडीच्या चिखलात रुततो. गुजरातेत अलंग-सोसियाच्या जहाज तोडण्याच्या किनाऱ्यावरच्या गाळात दर किलोमागे सरासरी 81 मिलिग्रॅम बारीक प्लास्टिक सापडल्याची नोंद 2006 मध्येच झाली आहे.

किनारा हीच चक्की

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणायचं, असं शास्त्रज्ञांनी ठरवलेलं आहे. हे नाव रुळलं ते ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या 2004 मधल्या लेखामुळे. पण समुद्रात असे कण तरंगतात हे त्याआधीही छापून आलं होतं. अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रात प्लास्टिकचे कण आणि दाणे मिळाल्याचं कार्पेंटर आणि स्मिथ यांनी 1972 मध्ये लिहिलं होतं. तेव्हा आपल्याकडे किराणा अजून कागदी पुडीत बांधून मिळायचा.

मोठ्या तुकड्याचा बारीक चुरा कसा होतो, हे मोल्डिंगवाल्याला सांगावं लागत नाही. बाहेर उन्हात राहणारी क्रेट बनवायची असेल तर आम्ही मटेरियलमध्ये यूव्ही स्टॅबिलायझर घालायचो. तो घातला नाही, किंवा पैसे वाचवायला कमी घातला, की वर्ष-दीड वर्षात क्रेटवर पांढरट भुकटी सुटते, मग कोपरे तुटतात. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांना ऑक्सिजन जाऊन बसतो, माल ठिसूळ होतो. उष्णता असेल तर हे काम झपाट्याने होतं.

आता विचार करा, ही सगळी सामग्री एकत्र कुठे आहे? भर समुद्रात पाणी थंड असतं आणि तुकड्यावर शेवाळ चढून ऊन अडतं. मातीत पुरलेल्या पिशवीला ऊनच मिळत नाही. पुळणीवर मात्र डोक्यावर ऊन, खाली तापलेली वाळू, आणि दिवसातून दोनदा लाटांबरोबर होणारी घासणी. त्यामुळे किनाऱ्यावर पडून राहिलेली बाटली ही समुद्रात तरंगणाऱ्या बाटलीपेक्षा खूप लवकर भुकटीला येते. किनारा स्वच्छ करायचा तो दिसायला बरं वाटावं म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण हे आहे, की बाटली हातात उचलता येते, तिची भुकटी येत नाही.

या बाबतीत मुंबईचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी आक्सा, वर्सोवा, जुहू आणि दादर या चार किनाऱ्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. दर चौरस मीटरला सरासरी 69 च्या आसपास तुकडे निघाले आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त 1 ते 5 मिलिमीटरचे होते. सहल, धार्मिक विधी आणि मासेमारी, म्हणजे जमिनीवरून येणारं प्लास्टिकच मुख्य, असं त्यांनी नोंदवलं. त्याच वर्सोव्यात ऑक्टोबर 2015 पासून अफरोझ शाह या वकिलाने शेजाऱ्यांना घेऊन दर आठवड्याला किनारा उपसायला सुरुवात केली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा सन्मान केला आणि मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर पडताना दिसली.

घराघरातला लॉस

कारखान्याच्या दाण्याबद्दल इतकं लिहिलं, आता घराकडे वळतो. चाळणीत आलेले चपटे निळे तंतू कोकणातल्या माणसाने लगेच ओळखावेत. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक घराला निळी ताडपत्री लागते. पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला, लाकूडफाट्यावर, गोठ्यावर, दुचाकीवर. ही ताडपत्री म्हणजे पॉलिथिलीनच्या चपट्या पट्ट्या विणून त्यावर पातळ थर दिलेला. स्वस्तातल्या ताडपत्रीत स्टॅबिलायझर नावापुरता असतो. पाऊस गेला तरी ती काढायचं राहून जातं. ऑक्टोबरचं ऊन, मग उन्हाळा, आणि दुसऱ्या पावसात वाऱ्याने तिच्या कडा फाटून चिंध्या लोंबायला लागतात. हाताने चोळली तर बोटांना निळी भुकटी लागते. पावसाबरोबर ते तंतू अंगणातून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पऱ्यातून नदीत, नदीतून खाडीत जातात. यात कोणीही कचरा टाकलेला नाही.

शेतातला मल्चिंग पेपर हा तसाच प्रकार. भाजीच्या, कलिंगडाच्या वाफ्यावर अंथरलेला 25-30 मायक्रॉनचा कागदासारखा पातळ थर. पीक निघाल्यावर ओढून काढताना निम्मा हातात येतो, निम्मा मातीत राहतो आणि पुढच्या नांगरणीत बारीक होतो. हर्णैच्या बंदरावर मासळीसाठी थर्माकोलच्या पेट्या लागतात. एक पेटी फुटली की तिचे हजारो मणी वाऱ्यावर.

शहरातला लॉस कपड्यांतून आणि टायरांतून होतो. पॉलिस्टर, अॅक्रिलिक, नायलॉन हे सगळं प्लास्टिकच. 2016 मध्ये प्लिमथच्याच संशोधकांनी मोजलं, तेव्हा 6 किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात असं दिसलं. टायर रस्त्यावर झिजतो आणि त्यातलं कृत्रिम रबर पावसाबरोबर नाल्यात जातं. आधीच बारीक असलेलं जे प्लास्टिक समुद्रात पोचतं, त्यात धुण्याचा वाटा 35 टक्के आणि टायरचा 28 टक्के, असा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2017 मध्ये मांडला. फेसवॉशमधल्या मण्यांवर अमेरिकेने 2015 मध्ये कायदा केला, त्याची चर्चाही खूप झाली. पण ते मणी या बेरजेत जवळजवळ तळाशी होते.

पूर आला की गाळ हलतो

नदी म्हणजे नुसती वाहून नेणारी नळी नव्हे. बंधाऱ्याच्या मागे, डोहात, वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंद होतं आणि गाळाबरोबर प्लास्टिकही तळाशी बसतं. मँचेस्टरजवळच्या नद्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस ठिकाणचा गाळ पुराच्या आधी आणि नंतर तपासला, तेव्हा एका हिवाळ्यातल्या पुरांनी तळातलं सुमारे 70 टक्के मायक्रोप्लास्टिक धुऊन नेलं होतं. आपल्या देशातलं उदाहरण चेन्नईचं. नोव्हेंबर 2015 च्या पुरानंतर किनाऱ्यावर ताजे दाणे वाढले होते, ते कूवम आणि अड्यार नद्यांमधून आले होते.

हे आपल्या पावसाला लावून पाहा. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत. कोकणातल्या नद्या आखूड, सह्याद्रीवरून उतरल्या की थेट खाडीत. आठ महिने पात्रात आणि पऱ्यात जे साठतं ते जून-जुलैच्या पहिल्या दोन-तीन लोंढ्यांत निघून जातं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत घुसलं, तेव्हा दुकानांतला माल, गोण्या, पिशव्या सगळंच खाडीच्या वाटेला लागलं.

जगभरच्या नद्या मिळून समुद्रात किती प्लास्टिक नेतात, याचं गणित 2021 मध्ये मांडलं गेलं. त्यातल्या अंदाजानुसार हजारभर नद्याच 80 टक्के भार वाहतात, आणि सगळ्यांत मोठ्या नद्यांपेक्षा शहरांतून जाणाऱ्या, समुद्राजवळच्या छोट्या नद्या जास्त धोक्याच्या. पहिल्या दहांत आपली उल्हास आहे. गंगेच्या तुलनेत ती केवढीशी! पण बदलापूर, उल्हासनगर, कल्याण यांचं पाणी घेऊन ती थोड्याच अंतरात खाडीला मिळते. मध्ये थांबायला जागाच नाही.

ताटातलं

मासे खायचे की नाही, हा प्रश्न मला शेजारपाजारचे हमखास विचारतात. सुरमई, पापलेटचं पोट आपण साफ करून टाकतो, त्यामुळे पोटातलं प्लास्टिक बरंचसं जातं. तिसऱ्या, मुळे, कालवं यांचं तसं नाही. ते पाणी गाळूनच जगतात आणि आपण ते अख्खे खातो. जवळा, सुकटही अख्खीच. गोव्यात साळ नदीच्या मुखाशी पाणी, गाळ आणि तिथली मासळी अशा तिन्हींत मायक्रोप्लास्टिक सापडलेलं आहे. मिठातही आहे. आयआयटी मुंबईच्या दोन संशोधकांनी 2018 मध्ये समुद्री मिठाचे नमुने तपासले, तेव्हा त्यात तुकडे आणि तंतू दोन्ही निघाले. त्याच लेखात उपायही होता: मिठागरात घेण्याआधी समुद्राचं पाणी साध्या वाळूच्या थरातून गाळलं, तर वजनाच्या हिशेबाने 85 टक्के प्लास्टिक अडतं.

शरीरात ते पोचतं का? पोचतं. 2022 मध्ये नेदरलँड्समध्ये 22 जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या 17 जणांत प्लास्टिकचे कण मिळाले. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. 257 रुग्णांपैकी 150 जणांच्या थरात पॉलिथिलीन होतं, आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही. त्या लोकांच्या राहणीत दुसरंही काही वेगळं असू शकतं. घाबरून मासळी सोडण्यासारखं यात काही नाही. पण नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्यातही अर्थ नाही.

कुठे अडवायचं

महाराष्ट्राने 26 जुलै 2005 च्या पुरानंतर 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली, 2018 मध्ये ती वाढवली. देशपातळीवर पिशवीची किमान जाडी सप्टेंबर 2021 मध्ये 75 आणि डिसेंबर 2022 अखेर 120 मायक्रॉन झाली. जाडीवर एवढा भर का, हे भंगारवाल्याला विचारा. पातळ पिशवीला वजन नाही, म्हणून भाव नाही, म्हणून ती कोणी उचलत नाही, आणि उन्हात तीच आधी फाटते. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आलेल्या कचरावेचक बायका रोज जे गोळा करतात, ते नदीत जाण्याआधीच अडवलेलं असतं. किनारा साफ करणाऱ्यांचे फोटो छापून येतात. यांचे फारसे येत नाहीत.

‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांपासून मात्र सांभाळून. काहींमध्ये प्लास्टिक लवकर तुटावं एवढंच रसायन घातलेलं असतं. पिशवी डोळ्यांआड होते, प्लास्टिक होत नाही. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात असा माल बाद केला तो याच कारणाने.

दाण्याचा बंदोबस्त सगळ्यांत स्वस्त आहे. गोणी उतरवताना हूक बंद. हॉपरखाली ट्रे. एअरगनऐवजी व्हॅक्यूम. आणि गटाराच्या तोंडाला दाण्यापेक्षा बारीक जाळी, जी रोज साफ करायची. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने अशा उपायांची यादी 1991 मध्येच स्वतःहून केली होती. स्वतःहून म्हणजे ज्याला वाटेल त्याने. युरोपीय संघाने 2025 मध्ये दाण्याची गळती रोखण्याचा स्वतंत्र कायदा केला. आपल्या 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांचा भर पिशव्या, पॅकिंग आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी यांवर आहे. जगाचा प्लास्टिक करार करायचं 2022 मध्ये नैरोबीत ठरलं, पण 2024 मध्ये बुसानला आणि ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हालाही एकमत झालं नाही.

त्याची वाट पाहायची गरज नाही. लहान मोल्डिंगवाला सरकारी तपासनिसापेक्षा कोणाला घाबरत असेल तर मोठ्या गिऱ्हाइकाला. मोटार कंपनीचा माणूस ऑडिटला येतो, तेव्हा दहा लाख नगांत किती रिजेक्ट, हे विचारतो. फरशी पुसलेली आहे का, तेही बघतो. ‘गटाराला जाळी आहे का आणि तिच्यात काल किती दाणा निघाला?’ हा एक प्रश्न त्याने आपल्या चेकलिस्टमध्ये घातला, तर महिन्याभरात चाकणपासून भोसरीपर्यंत जाळ्या बसतील, हे मी लिहून देतो.

गावापुरतं माझं म्हणणं आणखी साधं आहे. ताडपत्री यूव्हीवाली घ्यावी, दिवाळीला काढून घडी घालून सावलीत ठेवावी, चिंध्या व्हायच्या आत भंगारात द्यावी. मल्चिंग थोडा जाड वापरावा, म्हणजे अख्खा निघतो. आणि किनारा स्वच्छता दिन सप्टेंबरमधल्या तिसऱ्या शनिवारी असतो, तेव्हा पावसाने न्यायचं ते नेलेलं असतं. शाळा, पंचायत, तरुण मंडळ सगळ्यांनी मिळून एक दिवस मे महिन्यात पऱ्या आणि नदीचं कोरडं पात्र उपसलं, तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त. ग्रामसभेत मी हे मांडलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, मेमध्ये ऊन फार असतं, पाहुणेही असतात. मी म्हटलं, मग फोटो सप्टेंबरमध्ये काढा, काम मेमध्ये करा.